पावती नसलेला माल: नदीमुख, कार्बन आणि मोजमापाचा इतिहास

जबलपूरच्या खमरियातून आज पुन्हा तुमच्याशी बोलतो आहे. या मालिकेत आपण आजवर बहुतेक लढायांचा, किल्ल्यांचा आणि सैन्याच्या रसदीचा इतिहास पाहिला. आज मोजमापाचा इतिहास सांगणार आहे. मोजायची वस्तू आहे कार्बन, जी पाण्यात विरघळली की डोळ्यांना दिसत नाही. आणि मोजायची जागा आहे नदीचे मुख, म्हणजे नदी जिथे समुद्राला मिळते तो गोड्या-खाऱ्या पाण्याचा पट्टा. कोकणात आपण त्याला खाडी म्हणतो.

तुम्ही म्हणाल, समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या, त्यात पायदळाच्या दुनियेत आयुष्य काढलेल्या माणसाला खाडीचे काय? तर ऐका. माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर परियट नावाची छोटी नदी आहे. सकाळी फिरायला मी कधीकधी तिच्या बाजूला जातो. जबलपूरच्या म्हशींच्या डेअऱ्या या परिसरात आहेत आणि त्यांचे शेण या पाण्यात जाते, ही इथली जुनी तक्रार आहे. परियट पुढे हिरन नदीला मिळते, हिरन नर्मदेला, आणि नर्मदा भडोचच्या पुढे खंभातच्या आखाताला. म्हणजे खमरियातल्या गोठ्यातले शेण हा कागदोपत्री अरबी समुद्राकडे रवाना झालेला माल आहे. तो पोहोचतो का? आणि पोहोचत नसेल, तर वाटेत कुठे जातो? आजची सगळी गोष्ट या दोन प्रश्नांची आहे.

एका डेपोतली तफावत

आधी माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. मी ऑर्डनन्स कोअरचा माणूस. आमची लढाई बहुतेक वेळा वह्यांशी असायची. कॅप्टन असताना मी एका डेपोत होतो. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. वार्षिक मोजणीत असे निघाले की पाठवणाऱ्याच्या वहीत जितके नग रवाना झाले होते, तितके घेणाऱ्याच्या वहीत जमा नव्हते. दोन्हीकडचे हिशेब चोख. इश्यू व्हाउचर बरोबर, रिसीट व्हाउचर बरोबर. तरी माल कमी. चौकशी बसली, आणि पहिला संशय अर्थातच चोरीचा आला. दोन जुने स्टोअरकीपर काही आठवडे मान खाली घालून फिरत होते.

शेवटी उलगडा झाला तो रेल्वे सायडिंगवरच्या ट्रान्झिट शेडमध्ये. वॅगनमधून उतरलेला माल ट्रकवर चढेपर्यंत तिथे पडून असे. त्यातला काही पावसात भिजून खराब होई आणि बाजूला काढला जाई, काही तिथूनच दुसऱ्या युनिटकडे वळवला जाई. मात्र या शेडचे रजिस्टरच कोणी ठेवत नव्हते. ती जागा पाठवणाऱ्याची नव्हती आणि घेणाऱ्याचीही नव्हती. सगळ्यांनी तिला नुसती वाट समजले होते, म्हणून तिथे काय घडते ते कोणी पाहिलेच नाही.

नदीमुखाचे अगदी हेच झाले. नदीवाले धरणापर्यंत मोजत. समुद्रवाले खोल पाण्यात जहाजे घेऊन जात. मधली खाडी ही विज्ञानाची ट्रान्झिट शेड होती.

१९५७: एका माणसाचे दोन प्रश्न

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञ निर्धास्त होते. कोळसा आणि तेल जाळून आपण जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, तो समुद्र गिळून टाकेल, असे त्यांना वाटे. समुद्र एवढा मोठा, त्याला काय जड? १९५७ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेचे रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी एका निबंधात दाखवले की हे इतके सोपे नाही. समुद्राच्या पाण्यात शिरलेला हा वायू पाण्याशी आणि आधीपासून असलेल्या कार्बोनेटशी अभिक्रिया करून बायकार्बोनेट होतो. पण जसजसा वायू शिरतो तसतशी पाण्याची आणखी घेण्याची तयारी कमी होत जाते. सोड्याच्या बाटलीत गॅस भरताना शेवटी-शेवटी जसा जोर लावावा लागतो, साधारण तसे. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइडची सलग नोंद सुरू केली. तेव्हा आकडा दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे.

रेव्हेल यांची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९५७ मध्येच समुद्रसंशोधनासाठी एक आंतरराष्ट्रीय शास्त्रीय समिती स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष रेव्हेल होते. जगात सर्वांत कमी ओळखीचा महासागर कोणता, यावर या समितीचे एकमत झाले: हिंदी महासागर. त्यातून आखली गेली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम, १९५९ ते १९६५. म्हणजे कार्बनचा प्रश्न आणि आपल्या समुद्राचा प्रश्न एकाच माणसाच्या टेबलावर एकाच वर्षी होते. हेच रेव्हेल पुढे दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगाचे सदस्य होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. भारतातील शाळा कशा असाव्यात यावर नाईकांच्या बरोबरीने विचार करणारा हा परदेशी सदस्य मूळचा समुद्राचा माणूस होता, हे मला स्वतःला फार उशिरा कळले.

कृष्णेच्या नावाचे जहाज

मोहिमेत जगभरची चाळीसएक जहाजे उतरली. भारताकडे तेव्हा समुद्रसंशोधनाचे म्हणावे असे मोठे जहाज नव्हते. मग नौदलाने आपली आयएनएस किस्तना दिली. दुसऱ्या महायुद्धातली ही युद्धनौका. त्या काळात ब्रिटिश भारताच्या नौदलातील या जातीच्या नौकांना नद्यांची नावे होती: सतलज, जमना, गोदावरी, कावेरी. किस्तना म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमध्ये अडकलेली आपली महाबळेश्वरची कृष्णा. नर्मदेच्या नावाचीही एक नौका होती. ती फाळणीनंतर पाकिस्तानकडे गेली आणि तिचे नाव झेलम झाले. किस्तनाच्या डेकवर शास्त्रज्ञांनी खोलीखोलीवरचे पाणी उचलून त्याचे तापमान, क्षार आणि त्यातला प्राणवायू मोजला, जाळी टाकून सूक्ष्म जीव गोळा केले. सैनिक आणि शास्त्रज्ञ एकाच मेसमध्ये जेवत असतील, तेव्हाच्या गप्पा ऐकायला मिळाल्या असत्या तर, असे मला नेहमी वाटते.

तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. समुद्राच्या पृष्ठभागावरील कार्बन डायऑक्साइडचे मोजमाप या मोहिमेच्या काळात झाले ते १९६२-६३ मध्ये, अमेरिकन जहाजावर, कीलिंग यांच्या गटाकडून. तो आपला आकडा नव्हता.

मोहीम संपली आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. मोहिमेतील भारतीय कार्यक्रमाचे प्रमुख एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. संस्थेचे मुख्यालय पुढे गोव्यात, दोना पावला येथे आले. गोवा मुक्त होऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. जागेची निवड पाहा: एका बाजूला मांडवीचे मुख, दुसऱ्या बाजूला जुवारीचे. संस्थेच्या उंबरठ्यावर दोन खाड्या. तरी या खाड्यांच्या कार्बनचा ताळेबंद मांडायला पुढची काही दशके जावी लागली, कारण सगळ्यांची नजर क्षितिजाकडे होती. १९७६ मध्ये गवेषणी हे जहाज आले, १९८३ मध्ये जर्मनीत बांधलेले सागर कन्या आले, आणि मग आपले शास्त्रज्ञ स्वतःच्या जहाजावरून खोल समुद्रातील कार्बन मोजू लागले.

दोन समुद्र, दोन स्वभाव

त्या मोजमापातून जे निघाले ते शाळेच्या पुस्तकात यायला हवे. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर एकाच अक्षांशावर, एकाच मोसमी वाऱ्याखाली आहेत, पण कार्बनच्या बाबतीत त्यांचे वागणे वेगळे निघाले.

उन्हाळ्याच्या शेवटी नैर्ऋत्य वारे सुरू झाले की अरबी समुद्राचे वरचे पाणी बाजूला लोटले जाते आणि खालचे थंड पाणी वर येते. खालच्या पाण्यात वर्षानुवर्षे मेलेले जीव कुजत असतात, त्यामुळे ते कार्बन डायऑक्साइडने भरलेले असते. वर आले की तो हवेत सुटतो. १९९८ मध्ये व्ही. व्ही. एस. एस. सरमा, एम. दिलीप कुमार आणि एम. डी. जॉर्ज यांनी मांडले की मध्य आणि पूर्व अरबी समुद्र वर्षभर हवेला कार्बन डायऑक्साइड देत राहतो. त्याआधी १९९६ मध्ये दिलीप कुमार, एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की ईशान्य हिंदी महासागर, म्हणजे उपसागराकडचा भाग, हवेतून तो वायू घेतो. कारण नद्या. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचे गोडे पाणी उपसागरावर हलक्या चादरीसारखे पसरते आणि खालचे पाणी वर येऊ देत नाही.

म्हणजे समुद्र काय करणार हे बऱ्याच अंशी नदी ठरवते. असे असताना नदी समुद्रात शिरते ती जागा न मोजता समुद्राचा हिशेब पुरा कसा होणार?

युरोपचा धक्का आणि गोव्याचे उत्तर

१९९८ मध्येच बेल्जियमच्या लिएज विद्यापीठातील मिशेल फ्रांकिन्युल आणि सहकाऱ्यांनी युरोपातील नदीमुखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. थेम्स, ऱ्हाइन, एल्ब, शेल्ट वगैरे. त्यांचा निष्कर्ष असा की युरोपची नदीमुखे वर्षाला ३ ते ६ कोटी टन कार्बन हवेत सोडतात. हा आकडा पश्चिम युरोपातील माणसांच्या एकूण उत्सर्जनाच्या ५ ते १० टक्के भरत होता. इतकी चिंचोळी जागा आणि इतका मोठा आकडा! ट्रान्झिट शेडचे कुलूप उघडले गेले होते.

हे होते कसे, ते समजून घेऊ. नदी आपल्याबरोबर पाने, माती, शेण, सांडपाणी, मेलेले गवत घेऊन येते. हा झाला सेंद्रिय कार्बन. खाडीत आल्यावर भरतीच्या पाण्याने नदीचा वेग मंदावतो, माल रेंगाळतो. जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात, तो खातात आणि आपण श्वास सोडतो तसा कार्बन डायऑक्साइड सोडतात. पाणी गढूळ असेल तर सूर्यप्रकाश आत जात नाही, म्हणून तो वायू परत शोषून घेणारे सूक्ष्म शेवाळ वाढू शकत नाही. पाण्यात वायूचा दाब हवेपेक्षा जास्त झाला की तो बाहेर पडतो. पाणी निवळले, ऊन मिळाले, शेवाळ वाढले की चक्र उलटे फिरते आणि पाणी हवेतून वायू घेऊ लागते. सोड्याचीच बाटली, फक्त बूच कधी उघडते आणि कधी लागते हे ऋतू ठरवतो.

आता प्रश्न आला की जगभरच्या नदीमुखांचा आकडा काढायचा कसा. मोजमापे मुख्यतः युरोप-अमेरिकेत झालेली. मग तिथली सरासरी घ्यायची आणि जगातील नदीमुखांच्या क्षेत्रफळाने गुणायची, असा हिशेब होऊ लागला. त्यात आपल्या खाड्याही आपसूक थेम्ससारख्या धरल्या गेल्या. मंडळी, एका छावणीच्या रेशनची मागणी बघून दुसऱ्या छावणीचे बिल फाडण्यासारखे हे झाले. थेम्सला वर्षभर थोडाथोडा पाऊस मिळतो. आपल्या मांडवीला वर्षाचे बहुतेक सगळे पाणी चार महिन्यांत मिळते आणि उरलेले आठ महिने तिच्या खाडीवर समुद्राचेच राज्य असते.

गोव्यातून उत्तर आले २००१ मध्ये. सरमा, दिलीप कुमार आणि मनेरीकर यांनी मांडवी-जुवारीच्या कार्बन उत्सर्जनावरचा निबंध प्रसिद्ध केला. संस्थेच्या दारातल्या खाडीचे खाते अखेर उघडले. ही जागा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती लगेच डोळ्यांसमोर येईल. पणजीच्या धक्क्यावरून दिसणारी मांडवी, पलीकडे बेती, आत चोडण बेटाची खारफुटी, दोन्ही खाड्या जोडणारा कुंभारजुवे कालवा. भरतीचे पाणी इथे सुमारे ५० किलोमीटर आत जाते. पावसाळ्यात सह्याद्रीतून लोंढा आला की पाणी लाल होते, जिवाणूंचे काम वाढते आणि वायू बाहेर पडतो. पावसाळा सरला की पाणी निवळते आणि उत्सर्जन उतरते. एकाच खाडीचे दोन ऋतूंतले दोन चेहरे, जे युरोपच्या सरासरीत दिसणे शक्य नव्हते.

गोव्याच्या खाड्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या गावकऱ्यांनी शेकडो वर्षांपासून खाजण शेती केली आहे. खाडीकाठी बांध घालायचा, त्यात मानस नावाचे लाकडी झडपांचे दार बसवायचे, भरतीचे पाणी किती आत घ्यायचे आणि कधी सोडायचे हे त्यावरून ठरवायचे. पाण्याचे येणे-जाणे राखणारी ती चौकीच होती, आणि तिच्यावर माणूस नेमलेला असे. खाडी ही नुसती वाट नाही हे त्या शेतकऱ्यांना कोणत्याही निबंधाशिवाय ठाऊक होते.

गोदावरीचा पूर

यानंतरचा मोठा टप्पा गोदावरीवर आला. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी, नाशिक, पैठण, नांदेड अशी आपल्या अंगणातून जाणारी गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळते. मुखाच्या थोडे वर धवलेश्वरमचा बंधारा आहे. १८५२ मध्ये तो पुरा केला आर्थर कॉटन या मद्रास इंजिनिअर्सच्या लष्करी अधिकाऱ्याने, म्हणून माझे त्याच्याकडे जरा जास्तच लक्ष असते. त्या भागात आजही त्याचे पुतळे आहेत. त्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडतात तेव्हाच खरी नदी खाडीत येते.

विशाखापट्टणमच्या केंद्रातून सरमा आणि सहकाऱ्यांनी या खाडीतील पाण्याचे नमुने रोज घेतले. फौजेत रोज हजेरी का घेतात? महिन्यातून एकदा मोजले तर मधले काहीच कळत नाही म्हणून. २०११ मध्ये त्यांचा निबंध आला. कोरड्या दिवसांत पाण्यातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ५०० मायक्रोअॅटमॉस्फिअरच्या खाली होता. तेव्हाच्या हवेत तो सुमारे ३९० होता, म्हणजे फारसा फरक नाही. पण पुराच्या ऐन भरात तो ३०,००० च्या वर गेला. नाशिक-नांदेडपासून धुऊन आलेला पालापाचोळा, माती आणि सांडपाणी, सगळे जिवाणूंच्या पंगतीला बसलेले. महिन्याला एक नमुना घेतला असता तर हे शिखर निसटले असते.

मग २०१२ मध्ये देशाचा ताळेबंद आला. पावसाळ्याच्या दिवसांत भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरची २७ नदीमुखे मोजली गेली. त्यात मांडवी, जुवारी, तापी, गोदावरी, कृष्णा, कावेरी होत्या आणि माझी नर्मदाही होती. दाब सुमारे ३०० पासून १८,४९२ पर्यंत सापडला. म्हणजे काही मुखे चक्क हवेतून घेत होती आणि काही सढळ हाताने देत होती. कोरड्या काळातील आधीची माहिती जोडून वर्षाचा आकडा निघाला १९ लाख २० हजार टन कार्बन. कार्बन डायऑक्साइडच्या वजनात सांगायचे तर सुमारे ७० लाख टन. युरोपच्या नदीमुखांपेक्षा हा आकडा दहा पटींहून कमी आहे. उसन्या सरासरीने आपल्या खात्यावर जे चढले असते, त्याच्या तुलनेत हे काहीच नाही.

या दोन निबंधांच्या आधी, २००७ मध्ये, अमेरिकेतील जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी जगाचा हिशेब मांडला होता. जमिनीवरून दरवर्षी सुमारे १९० कोटी टन कार्बन नद्या-तलावांत उतरतो. समुद्रात पोहोचतो सुमारे ९० कोटी टन. उरलेला वाटेत हवेत जातो किंवा गाळात गाडला जातो. निम्म्याहून जास्त माल ट्रान्झिटमध्येच खर्ची पडतो! आमच्या त्या दोन स्टोअरकीपरांची मला आठवण झाली.

मग यात चिंता कशाची?

इथे एक गैरसमज दूर करतो. खाडीतून वायू सुटतो म्हणून खाडी गुन्हेगार ठरत नाही. सह्याद्रीतल्या झाडाने हवेतून घेतलेला कार्बन पानातून गळला, नदीत आला आणि खाडीत परत हवेत गेला, तर तो उसने घेऊन फेडलेला पैसा आहे. कोळशाचे तसे नाही. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचे गाडलेले धन आपण उकरून उधळतो आहोत. नैसर्गिक फेड थांबवायची नसते, नोंदवायची असते. ती नोंदवली नाही तर जंगलाने किती कार्बन खरोखर साठवला याचा आकडा फुगतो, आणि त्या फुगलेल्या आकड्याच्या जोरावर आपण निर्धास्त राहतो.

खरी चिंता पुढे आहे. आपला आकडा इतका कमी का निघाला, याची दोन कारणे त्या २०१२ च्या निबंधात दिली आहेत. एक म्हणजे आपल्या नदीमुखांतून पाणी बाहेर लोटले जाण्याचा वेग कमी. दुसरे म्हणजे मुखांच्या काठावर युरोपच्या मानाने कमी मनुष्यवस्ती. आता हे दुसरे कारण पुन्हा वाचा. ते निसर्गाने दिलेले नाही, आणि ते कायम राहील याची हमीही नाही. किनाऱ्यावरची शहरे वाढत आहेत आणि त्यांचे सांडपाणी खाड्यांत जाते. म्हणजे आपली जमेची बाजू ज्या खांबावर उभी आहे, तोच खांब आपण रोज थोडाथोडा पोखरतो आहोत. थेम्सची सरासरी आपल्याला लागू नाही हे सिद्ध करायला आपल्याला इतकी दशके लागली. ती खरोखर लागू व्हायला कदाचित तेवढीही लागणार नाहीत.

दुसरी बाजू पाण्याची. नदीचे पाणी समुद्रात वाया जाते, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या इथून जवळच बर्गी धरण आहे, खाली सरदार सरोवर. या धरणांनी शेतीला, शहरांना पाणी दिले, वीज दिली, आणि मी स्वतः त्या विजेवर पंखा लावून बसलो आहे, म्हणून धरणांना सरसकट नावे ठेवण्याचा ढोंगीपणा करणार नाही. पण धरण पाण्याबरोबर गाळ आणि कार्बनही अडवते. मुखाशी गोडे पाणी कमी झाले की खारे पाणी वर चढते. भडोचच्या मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना हे सांगावे लागत नाही. तिथे भाडभूतला खारे पाणी अडवण्यासाठी आता बंधारा बांधला जातो आहे. मांडवीच्या, म्हणजे म्हादईच्या पाण्यावर २०१८ मध्ये लवादाचा निवाडा झाला, तरी वाद न्यायालयात चालूच आहे. अशा वादांत किती पाणी कोणाला, याचे आकडे असतात. समुद्रात जाणारे पाणी तिथे पोहोचून काय काम करते, याचा रकाना मात्र बहुधा रिकामा असतो. ज्याचे रजिस्टर नाही, त्याची बाजू मांडणार कोण?

म्हणून मला मोजणाऱ्या लोकांचे अप्रूप आहे. मोजमापाला शिस्त लागते. जगभरच्या प्रयोगशाळा समुद्रातील कार्बन मोजताना आपली उपकरणे एकाच प्रमाणित पाण्याशी ताडून पाहतात. हे पाणी स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेत तयार होत आले आहे आणि बाटल्यांतून सगळीकडे जाते. तोफगोळा बनवणाऱ्या कारखान्यात मास्टर गेज असते, तसेच हे. गेज चुकले तर हजार गोळे चुकतात. गोव्यात कांदोळीसमोरच्या समुद्रात संस्थेने १९९७ पासून एका ठराविक जागी वारंवार जाऊन पाणी मोजण्याचा परिपाठ ठेवला. पावसाळ्याच्या अखेरीस तिथल्या तळाच्या पाण्यातला प्राणवायू कसा संपतो हे अशा चिकाटीमुळेच नीट कळले. यात शौर्यपदक नाही, बातमी नाही. तीच नौका, तीच जागा, तीच बाटली, आणि वहीत एक नवी ओळ.

माझी सूचना साधी आहे. वाशिष्ठी, सावित्री, काळी, कर्ली, तेरेखोल, आपल्या कितीतरी खाड्यांच्या काठावर शाळा-महाविद्यालये आहेत. पाण्याचा सामू, तापमान, क्षार आणि प्राणवायू या चार गोष्टी मोजायला सागर कन्या लागत नाही. महिन्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, भरती-ओहोटीची वेळ लिहून चार आकडे वहीत उतरवले, तर दहा वर्षांनी त्या वहीची किंमत कळेल. फक्त दर वर्षी नवा शिक्षक आला तरी वही तीच राहिली पाहिजे. आणि आम्ही वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी, जबलपूरच्या, नाशिकच्या, नांदेडच्या लोकांनी, एवढे लक्षात ठेवावे की आपण नदीत जे टाकतो ते दृष्टीआड होते, हिशेबाबाहेर जात नाही. माल आपल्या सहीने रवाना झालेला असतो.

त्या डेपोतल्या प्रसंगाचा शेवट सांगायचा राहिला. दोन्ही स्टोअरकीपर निर्दोष ठरले. शेडच्या दाराशी एक टेबल, एक खुर्ची आणि एक रजिस्टर आले, आणि त्यावर एका हवालदाराची नेमणूक झाली. पुढच्या वर्षी तफावत नगण्य निघाली. नासाडी पूर्ण थांबली नव्हती, कारण पाऊस पडतच होता. पण कुठे, किती आणि कशामुळे, हे कळू लागले होते, आणि मग छपराचे पत्रे बदलायला मंजुरीही मिळाली.

उद्या सकाळी मी पुन्हा परियटच्या बाजूला फिरायला जाईन. तुमच्याजवळ कोणती नदी आहे आणि ती कोणत्या खाडीला मिळते, ते नकाशावर बोटाने एकदा शोधून पाहा. पुढच्या भागात आपल्या नेहमीच्या वाटेवर, रसदीच्या इतिहासाकडे परत येऊ. तोवर नमस्कार. जय हिंद.